हॉलमध्ये स्पीकर, स्पीकरवर मांजर : दोघांना एका घरात कसं नांदवायचं?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी,

घरात गाणं ऐकायचा नाद आहे आणि कुत्रं-मांजरही आहे, अशा आपल्या भागातल्या लोकांसाठी हा धागा काढतोय. बाहेरची माहिती वाचली तर तिथे गालिचा घातलेली बंद खोली, एसी आणि दिवसभर झोपणारं मांजर हे सगळं धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडे हॉलचं रस्त्याकडचं दार सकाळपासून सताड उघडं. मागच्या खोलीत भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि समोर कूलर. इथली गणितं वेगळीच मांडावी लागतात.

माझ्याकडे टॉवर स्पीकरची जोडी, एक ॲम्प (स्पीकर चालवणारं यंत्र) आणि टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) आहे. चिंगी नावाची मांजर आणि राजा हा गावठी कुत्रा. सगळे एकाच हॉलमध्ये. पाहुणे आले की ठरलेला सल्ला मिळतो : मांजर शेतात सोडून द्या, नाहीतर सिस्टीम माडीवर न्या. मला दोन्ही मान्य नाही. सिस्टीम माडीवर गेली की आई-आबांचे सकाळचे अभंग बंद. आणि मांजर म्हणाल तर ती घरचीच. माझं ठाम मत असं की मांडणी नीट केली तर यातले बहुतेक प्रश्न सुटतात, जनावराला हाकलायची वेळच येत नाही.

स्पीकरच्या तोंडावरच्या कापडी जाळीपासून सुरू करतो. मांजराला ती इतकी का आवडते? विणलेल्या कापडात नखं रुततात, ओढता येतात, आणि टॉवर स्पीकर उभा, जड, जागचा न हलणारा. नखांवरचं जुनं कवच काढायला आणि झोपून उठल्यावर अंग ताणायला घरात याहून चांगली जागा तिला नाही. शिवाय पंजांतून तिचा वास तिथे लागतो, म्हणून ती पुन्हा तिथेच येते. ओरडण्याचा काही उपयोग होत नाही. मी बाभळीचा ओंडका घेतला, चिंगी पूर्ण ताणून उभी राहिली तरी वर वीतभर उरेल एवढा उंच. तो जाड फळीवर खिळवून पक्का केला, घट्ट सुतळी गुंडाळली आणि स्पीकरला खेटून उभा केला. लांबच्या कोपऱ्यात ठेवला असता तर तिने ढुंकूनही पाहिलं नसतं. तिची नखं तिकडे वळल्यावर ओंडका हळूहळू बाजूला सरकवत नेला. जाळीचं कापडही काढलं आणि भरपूर छिद्रांचा पत्रा बसवला. पत्रा झणझणू नये म्हणून कडेने फोमची पट्टी लावली. आता जाळीचा प्रश्न मिटलाय.

उरलं ते असं. थंडी पडली की बाईसाहेब ॲम्पवर जाऊन बसतात. टर्नटेबल फिरताना दिसलं की डोळे मोठे होतात. आणि मला मनापासून जाणून घ्यायचंय की आपल्याला जो आवाज सुखाचा वाटतो, तो त्यांच्या कानांना कसा लागत असेल. अनुभव असलेल्यांनी लिहा.

सोल्डरवाला (जळगाव)

भाऊ, माझा धंदाच दुरुस्तीचा. ॲम्पवर मांजर बसू देऊ नका, यात मशीनचंही नुकसान आहे आणि मांजराचंही.

नेहमीचा एबी क्लासचा ॲम्प खालच्या फटींतून थंड हवा ओढतो आणि वरच्या जाळीतून गरम हवा सोडतो. मांजर नेमकं वरच्या जाळीवर पसरतं, म्हणजे धुराडंच बंद. आउटपुट ट्रान्झिस्टर तापतात. प्रोटेक्शन असलं तर ॲम्प स्वतःहून बंद पडतो, नसलं तर जळतो. दुसरं म्हणजे केस. तुमच्या मागच्या खोलीत कापूस आहे म्हणता, तर त्याचं तंतू-तंतू उडणारं पिंजणही त्यात आलं. केस, पिंजण आणि धूळ मिळून हीटसिंकवर, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर, चक्क गोधडी पांघरली जाते. एप्रिल-मे मध्ये माझ्याकडे येणाऱ्या ॲम्पांत हे कायम दिसतं. दिवाळीत घर काढता तेव्हा आणि उन्हाळा लागायच्या आधी, दोन्ही वेळा ॲम्प दुकानात नेऊन आतून ब्लोअरने साफ करून घ्या. घरी झाकण उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जोराचा झटका देतो.

उपाय साधा आहे. ॲम्पच्या वर वीतभर मोकळी जागा सोडून फळी बसवा. फळी ॲम्पवर टेकलेली नको. मांजराला ऊब हवी असते, मशीनचं तिला काय कौतुक! शेजारी खोक्यात जुनी चादर घालून ठेवा, थंडीत ती तिथे जाईल. नवा डी क्लासचा ॲम्प घेतला तर तो मुळातच कमी तापतो, मग त्याच्याकडे ती फिरकतही नाही. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प कोणाकडे असेल तर वरचा पिंजरा कधीच काढू नका. काच पोळते आणि आत ३००-४०० व्होल्ट खेळत असतात.

आता माझ्या मनातलं सांगतो. मांजराला उगाच बदनाम करतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनचे खरे शत्रू दोन : पाल आणि उंदीर. पाल उबेला आणि किड्यांच्या मागे आत शिरते, मेनच्या दोन टोकांवर आडवी पडते आणि शॉर्ट. तिचा कोळसा होतो आणि बोर्डही जातो. उंदीर वायरी कुरतडतो, आत घरटं करतो, आणि त्याचं मूत तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतं. ते काम दुरुस्त करायला सगळ्यात किचकट. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांच्या मशीनमध्ये उंदराचं काम मला क्वचितच सापडतं.

बोरीकाठ (अमळनेर)

सोल्डरवाला भाऊ, शंभर टक्के. आमनी आजी म्हने, मांजर शे म्हनीसन घरमा उंदीर नही. तिच्या वेळी धान्याच्या कणग्या होत्या, आता स्पीकरच्या वायरी आहेत, एवढाच फरक.

केळीबाग (रावेर)

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका दादा. जनावर लहान असेपर्यंत खोली बंदच ठेवावी. आमच्याकडे लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे. पिल्लांना साधारण तिसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत दात येत असतात, तोवर हिरड्या शिवशिवतात आणि ते जे मिळेल ते चावतात. स्पीकरची वायर चावताना तिच्यातले दोन्ही पदर एकत्र आले आणि ॲम्प चालू असला तर आउटपुट शॉर्ट होतो. त्याहून वाईट म्हणजे मेनची वायर. ॲम्प नवा आणता येईल, पिल्लू कुठून आणणार?

तुम्ही मांडणी म्हणता ती मोठ्या, शहाण्या जनावराला लागू पडते. पिल्लाला नाही.

गोठ्यातले_डॉक्टर (धुळे)

ताईंचं म्हणणं मला पटतं, आणि भाऊंचंही. मी पशुवैद्यक आहे. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण आता कुत्री-मांजरंही बरीच येतात.

आधी वायरीचं. पिल्लाने मेनची वायर चावली तर प्रथम मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा. ओठ-जीभ भाजलेली दिसते, कधी काहीच दिसत नाही आणि पिल्लू थोड्या वेळात खेळायला लागतं. तरी दवाखान्यात आणाच. विजेच्या धक्क्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं आणि तेव्हा श्वास लागतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर जीव वाचायची शक्यता पुष्कळ वाढते. ज्यांच्या घरी जुनं वायरिंग आहे त्यांनी सिस्टीमवर खर्च करण्याआधी हे बसवून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

आता कानांचं. माणूस साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. कुत्रा ४५,००० पर्यंत, मांजर ६४,००० पर्यंत किंवा थोडं वर. बारीक, चिरका आवाज त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. म्हणून उंदराच्या चिरकण्यावरून मांजर त्याची जागा हेरतं. सीडीत मात्र २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही नसतं, कारण ती सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर चालते. तेव्हा आपल्याला न ऐकू येणारं काहीतरी सीडीतून त्यांना छळत असेल, ही भीती बाळगू नका. छळतो तो आवाजाचा मोठेपणा. माणसांसाठी कामाच्या ठिकाणी ८ तासांना ८५ डेसिबलची मर्यादा धरतात. जनावर असलेल्या खोलीत बसायच्या जागी आवाज याच्या बऱ्याच खाली ठेवा. त्यांची झोपायची जागा स्पीकरच्या समोर नको आणि खोलीतून बाहेर जायची वाट कायम उघडी हवी. कान मागे पाडणं, सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, पलंगाखाली जाऊन बसणं ही नको झाल्याची खूण. उठून दुसऱ्या खोलीत गेलं तर त्याला परत बोलावू नका, त्याने त्याचा निर्णय घेतलेला असतो.

संगीताचा उपयोगही होतो. उत्तर आयर्लंडमध्ये डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर अभ्यास केला. पाश्चात्त्य अभिजात संगीत लावलं तेव्हा कुत्री जास्त पडून राहिली, शांत राहिली. हेवी मेटल लावलं तेव्हा भुंकणं वाढलं. नंतर स्कॉटलंडमधल्या अभ्यासांत दिसलं की एकच प्रकार सतत लावला तर त्यांना सवय होऊन परिणाम ओसरतो, म्हणून प्रकार बदलत राहावं. आपल्याकडच्या रागदारीवर असं काही करून पाहण्यासारखं आहे.

आणखी एक. दारावरून डीजेची वरात जाते किंवा दिवाळीत फटाके फुटतात, तेव्हा हीच सिस्टीम कामाला येते. कुत्र्याला आतल्या खोलीत घ्या, दारं-खिडक्या लावा आणि मध्यम आवाजात काहीतरी संथ, अखंड चालू ठेवा. बाहेरचे दणके त्यात बरेच बुजतात. फक्त हे पहिल्यांदा त्या रात्रीच करू नका. आधी चार शांत दिवशी तेच लावून, खाऊ देऊन त्याची ओळख करून द्या.

लोकोशेड (भुसावळ)

डॉक्टरसाहेब, एक शंका. आम्ही उंदरांसाठी सॉकेटला लावायचं अल्ट्रासोनिक यंत्र हॉलमध्ये लावलं, नेमकं सिस्टीमच्या मागे. तेव्हापासून मांजर हॉलमध्ये थांबतच नाही. आम्हाला वाटलं स्पीकरला घाबरते.

गोठ्यातले_डॉक्टर (धुळे)

काढून टाका. त्या यंत्रांचा आवाज २०,००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे तुम्हाला शांतता आणि मांजराला कर्कश शिट्टी. कुत्र्यालाही ऐकू येते. घरात ससा, पांढरे उंदीर किंवा हॅमस्टर असेल तर अजिबातच नको. तुमच्याकडे मांजर आहे ना, मग यंत्र कशाला?

याच ओघात सांगतो : सिस्टीमच्या मागे आणि रेकॉर्डच्या कपाटात झुरळं-पालींसाठी डांबर गोळ्या टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. नॅप्थलीनच्या या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत, मांजरांना विशेष. तेच फिनाईलचं. मांजराचं यकृत फिनॉलसारखी रसायनं नीट पचवू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं.

केळीबाग (रावेर)

डांबर गोळ्यांचं माहीत नव्हतं. आजच कपाट रिकामं करते.

पांझराकाठ (धुळे)

फार आनंद झाला हा धागा पाहून. माझ्याकडे आजोबांपासूनच्या तबकड्या आहेत, लाखेच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) आणि नंतरच्या व्हिनाइलच्या एलपी. घरात मांजरंही पिढ्यानपिढ्या.

ज्या एचएमव्ही कंपनीच्या लेबलावर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा आपण लहानपणापासून पाहिला, तो खरा कुत्रा होता. नाव निपर, जन्म १८८४ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराच्या भावाचा. भाऊ गेल्यावर तो बॅरोकडे आला. निपर १८९५ मध्ये मेला आणि चित्र काढलं गेलं त्यानंतर, १८९८ मध्ये. मूळ चित्रात तबकडीचं यंत्र नव्हतंच, एडिसनच्या पद्धतीचा नळकांडी फोनोग्राफ होता. बॅरो ग्रामोफोन कंपनीत पितळी कर्णा उसना मागायला गेला, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं की यंत्र बदलून आमचा ग्रामोफोन रंगवलात तर चित्र विकत घेतो. १८९९ मध्ये ५० पौंड चित्राचे आणि ५० पौंड हक्कांचे असा व्यवहार झाला. कुत्रा तोच राहिला, यंत्र बदललं. पुढे त्याच चिन्हाखाली कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यातून तबकड्या निघाल्या आणि खान्देशातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचल्या. गाणं आणि जनावर एका घरात नांदत नाहीत म्हणणाऱ्यांना मी ते लेबल दाखवतो.

आता कामाचं. एलपी खालच्या कप्प्यात उघड्या ठेवू नका. ओळीने उभ्या लावलेल्या वेष्टनांच्या कडा मांजराला ओरबाडायला फार आवडतात, आणि एकदा कड फाटली की कोणती तबकडी कुठे हे कळत नाही. दाराचं कपाट हवं. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, आडवी रास नको. लाखेच्या तबकड्या काचेसारख्या फुटतात, त्या तर कडीच्या आतच. आणि त्यांना स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, क्षणात खाचा पुसल्या जातात. एलपीला चालणारं द्रावण ७८ ला चालेलच असं नाही.

सुईला केस अडकणं हा मांजरवाल्या घरातला नेहमीचा त्रास. आवाज एकदम दबका, फाटका झाला की आधी सुईखाली बघा, केसांचा बारीक गुंता निघतो. ब्रश नेहमी मागून पुढे, म्हणजे सुई धरणाऱ्या टोनआर्मकडून आपल्याकडे फिरवायचा. उलट किंवा आडवा फिरवला की सुईची दांडी वाकते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर वीज साठते आणि घरातले सगळे केस तीच ओढून घेते. तेव्हा वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश तबकडीवर अलगद फिरवा. कूलर सुरू झाला की हवेत ओल येते आणि हा त्रास आपोआप कमी होतो. पण कूलरची झोत थेट मशीनवर नको.

टर्नटेबल उंच ठेवलं की झालं असं समजू नका. मांजर छातीएवढी उंची एका उडीत गाठतं. मी विटांच्या भिंतीत लोखंडी अँगल ठोकून फळी बसवली, अगदी टर्नटेबलच्या मापाची. चारी बाजूंना दोन बोटं सुद्धा जास्त नाही. उतरायला जागा दिसली नाही तर मांजर उडी मारत नाही, ते आधी मोजून घेतं. वाजताना वरचं झाकण लावलेलं. काही जाणकार म्हणतात झाकण उघडं ठेवलं तर आवाज मोकळा येतो. मांजर असलेल्या घरात मी तो वाद घालत नाही. भिंतीवर असल्याने मुलं धावली तरी सुई उडत नाही, हा वरचा फायदा.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. वरून माती सतत गळायची, तेव्हा आजी ग्रामोफोनवर लुगड्याचा तुकडा टाकून ठेवायची. त्या कापडावर मांजर झोपलेलं मला आजही आठवतं.

शहादेकर

पक्षीवाल्यांसाठी दोन ओळी. बजरीगर, ज्यांना आपण बाजारात लव्हबर्ड म्हणून घेतो, ते स्पीकरच्या कडेची रबर रिंग आणि वायरीचं आवरण सोलतात. पिंजऱ्याबाहेर सोडताना स्पीकरवर जाड कापड टाकावं. आणि आपला देशी पोपट, कंठवाला, तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

गिरणाकाठ (भडगाव)

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! पांझराकाठ नाना, फळी मापाचीच करायची हे मला सुचलंच नसतं. ताई, तुमचं पिल्लांबद्दलचं म्हणणं मान्य. राजा आमच्याकडे मोठा होऊनच आला, म्हणून तो टप्पा मी पाहिलेला नाही.

सोल्डरवाला भाऊ, दोन प्रश्न. मेनच्या आणि स्पीकरच्या वायरी भिंतीलगत पीव्हीसी पट्टीत घातल्या तर आवाजावर परिणाम होतो का? आणि राजा शेपटी हलवत जातो तेव्हा टॉवर डुलतात. पडले तर वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) जाईल का?

सोल्डरवाला (जळगाव)

पट्टीत बिनधास्त घाला. आवाजावर काही परिणाम नाही. मेनची आणि टर्नटेबलची सिग्नल वायर मात्र एकाच पट्टीत नको, हम म्हणजे सततची घूं-घूं येते. दोघींमध्ये फूटभर अंतर ठेवा, एकमेकींना ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

टॉवर पडला तर वूफरपेक्षा माझी काळजी कुत्र्याची आणि लहान पोरांची. पंचवीस किलोचं खोकं अंगावर येतं. तळाला स्पीकरपेक्षा चारी बाजूंनी रुंद अशी जाड फळी बोल्टने बसवा आणि मागच्या वरच्या कडेपासून भिंतीतल्या हुकापर्यंत नायलॉनचा पट्टा ओढा. लहान स्पीकर पोकळ स्टँडवर असतील तर स्टँडमध्ये वाळू भरा. नदीची वाळू चाळून, कढईत भाजून पूर्ण कोरडी करा, नाहीतर आतून गंज चढतो.

आणि जनावराने कोनाला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, नख किंवा नाक लावलंच तर घाबरू नका. आपल्याकडे वरातीच्या डीजेमुळे तालुक्याच्या प्रत्येक गावात कोन आणि कॉईल बदलणारा कोणी ना कोणी आहे. फोमची रिंग खाल्ली गेली तर तेवढीच बदलता येते. नव्याने घालायचीच असेल तर त्याला रबरची चालेल का विचारा. आपल्या उन्हाळ्यात फोम काही वर्षांत भुगा होतो. फक्त एक पाहा : घरच्या स्पीकरचा हलका कोन आणि डीजेचा जड कोन यांत फरक असतो. मिस्त्रीला मूळ कोन दाखवून त्याच वजनाचा मागा, नाहीतर आवाज ठोकळ येतो. ट्वीटरच्या (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या) मऊ डोमला मात्र हात लावू देऊ नका, तिथे जाळी हवीच.

लोकोशेड (भुसावळ)

यंत्र काढलं. मांजर संध्याकाळी येऊन सोफ्यावर बसली. डॉक्टरसाहेब, आभार.

केळीबाग (रावेर)

आता माझा प्रश्न, कोणी हसू नका. शेजारचा बोका दारातून आत येतो आणि स्पीकरच्या कडेवर शेपटी उभी करून फवारा मारतो. कितीही पुसलं तरी पुन्हा तिथेच. लाकडाचं पॉलिश उडालंय.

गोठ्यातले_डॉक्टर (धुळे)

ताई, यात हसण्यासारखं काही नाही, खूप घरांत होतं. बोका उभ्या वस्तूवर हद्द आखतो आणि टॉवर स्पीकर त्याला नेमका हवा तसा. फिनाईल तर नकोच, अमोनियाचा वास असलेलं काचेचं स्प्रेही नको. त्याला तो लघवीसारखाच वास वाटतो आणि तो आणखी जोमाने येतो. आधी कोमट पाण्याने घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, पाणी स्पीकरच्या सांध्यात जाऊ देऊ नका. मग जनावरांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लिनर कापडावर घेऊन लावा आणि स्वतःहून वाळू द्या. वास मुळापासून गेला तरच तो ती जागा सोडतो.

कायमचा इलाज म्हणजे बोक्याची नसबंदी. बहुतेक बोक्यांचं फवारणं त्याने थांबतं किंवा खूप कमी होतं. शेजाऱ्यांना मी समजावून सांगायला तयार आहे. ऑपरेशन छोटं असतं, बोका सहसा त्याच दिवशी घरी जातो. तोवर संध्याकाळी दार लोटून घ्या आणि त्या कोपऱ्यात तुमच्या पिल्लाचं अंथरूण टाका. जिथे कुत्रं झोपतं तिथे बोका सहसा येत नाही.

केळीबाग (रावेर)

म्हणजे पिल्लू हॉलमध्ये आणायचं तर! ठीक आहे डॉक्टर. वायरी पट्टीत गेल्या आणि आरसीसीबी बसला की आणते. शेजारच्या काकूंशी आजच बोलते, त्यांचा बोका त्यांना फार लाडका आहे, पण तुम्ही सांगितलंत हे सांगितल्यावर त्या ऐकतील.